सशांवरचं वाचन: यादी कुठवर आली

यादी लांबत चालली आहे, पण आता तिला शिस्त लागली आहे. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की मी आधी एवढंच बघते, की ते कोणासाठी लिहिलंय. ससा एकच, पण त्याच्यावर लिहिणारे निरनिराळ्या दुनियेतले. कोणी मांस आणि लोकरीसाठी ससे वाढवणाऱ्यांकरता लिहितं, कोणी प्रयोगशाळेसाठी, कोणी प्रदर्शनात जातिवंत ससे उतरवणाऱ्यांसाठी. घरात माणसांबरोबर राहणाऱ्या सशासाठी लिहिणारे या सगळ्यांत उशिरा आले आणि अजूनही कमीच आहेत.

हा फरक वरवरचा नाही. व्यवसायासाठी लिहिलेल्या पुस्तकातला बहुतेक ससा काही महिनेच जगणार असतो. त्याला जाळीच्या तळाचा पिंजरा सांगितलेला असतो, कारण लेंड्या खाली पडतात आणि साफसफाई सोपी होते. गोळीखाद्य भरपूर सांगितलेलं असतं, कारण वजन लवकर वाढायला हवं असतं. त्या कामापुरतं ते ठीकच. पण आपला ससा आठ ते बारा वर्षं जगू शकतो. त्याच्या तळपायाला कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, नुसती कातडी आणि त्यावर केस. जाळीवर वर्षानुवर्षं बसला की घोट्याखाली जखमा होतात. पाळीव सशांबद्दल जे चुकीचे सल्ले तोंडोतोंडी फिरतात, त्यांतले बरेचसे असे दुसऱ्याच कामासाठीच्या पुस्तकांतून उचललेले आहेत, हे वाचत गेल्यावर लख्ख दिसतं.

नव्याने ससा आणणाऱ्याला पहिलं पुस्तक म्हणून मी अजूनही मॅरिनेल हॅरिमन यांचं ‘हाऊस रॅबिट हँडबुक’ सुचवते. पहिली आवृत्ती 1985ची. ससा म्हणजे परसातल्या खुराड्यातला प्राणी, असंच बहुतेकांनी धरलेलं होतं, त्या काळात या बाईंनी तो घरात मोकळा राहू शकतो, लिटर ट्रे वापरायला शिकतो, माणसाच्या दिनक्रमात सामील होतो, हे मांडलं. पुढे 1988मध्ये अमेरिकेत हाऊस रॅबिट सोसायटी उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. पुस्तक सोपं आहे, फोटो भरपूर आहेत, आणि वायरी कुरतडण्यापासून दोन सशांची दोस्ती जमवण्यापर्यंत रोजचे प्रश्न त्यात येतात. आवृत्ती मात्र मिळेल तितकी नवी घ्या. जुन्या आवृत्तीतला वागणुकीचा भाग आजही टिकतो, आहार आणि औषधांचा भाग नव्यातूनच वाचावा.

दुसरं पुस्तक पाळीव सशांवरचं नाहीच, आणि तरी मला सगळ्यात जास्त त्यानेच दिलं. रोनाल्ड लॉकली यांचं ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ द रॅबिट’, 1964चं. लॉकली हे वेल्समधले निसर्ग-अभ्यासक. पेम्ब्रोकशायरमध्ये ऑरिएल्टन इथे त्यांनी कुंपण घातलेल्या जागेत रानससे ठेवले आणि त्यांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. रिचर्ड ॲडम्स यांनी 1972च्या ‘वॉटरशिप डाउन’ या कादंबरीसाठी सशांची माहिती याच पुस्तकातून घेतली. सशांच्या वसाहतीत मानापानाची उतरंड असते, मोक्याच्या बिळासाठी माद्या एकमेकींशी झुंजतात, कोणी कोणाला जागा द्यायची हे ठरलेलं असतं. हे सगळं त्यात इतक्या धीराने लिहिलंय की वाचताना आपणही जमिनीला पोट टेकून बघतोय असं वाटतं.

ते वाचून झाल्यापासून माझा बंड्या मला वेगळाच दिसायला लागला आहे. नवीन खोका आणला की तो आधी चारही कोपऱ्यांवर हनुवटी घासतो. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, त्यामुळे हे म्हणजे मालकीचा शिक्का. माझी दुसरी ससीण मिनू त्याच खोक्यापाशी येते, हुंगते आणि त्याच जागेवर स्वतःची हनुवटी घासते. मग बंड्या परत. माणसाला वास येत नाही, त्यामुळे आपल्याला हे नुसतं गोड वाटतं; त्यांच्यात मात्र खोक्याच्या हक्काची बोलणी चाललेली असतात. रानसशाचं पुस्तक पाळीव सशाच्या मालकाने का वाचावं, याला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

रानसशापासून घरचा ससा किती लांब आलाय, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो. त्यासाठी डार्विन वाचला. 1868च्या ‘द व्हेरिएशन ऑफ ॲनिमल्स अँड प्लांट्स अंडर डोमेस्टिकेशन’ या ग्रंथात सशांवर एक अख्खं प्रकरण आहे. रानातल्या आणि पाळीव सशांच्या कवट्या त्यांनी मोजल्या, लोंबत्या कानांच्या जातींत कवटीचा आकार कसा बदलतो ते पाहिलं, आणि शरीराच्या मानाने पाळीव सशाचा मेंदू लहान झालाय असं नोंदवलं. भाषा जुनी आहे, आकडेमोड फार आहे. घाई असेल तर सोडून द्या. पण बरोबर दीडशे वर्षांनी, 2018मध्ये, रानसशांच्या आणि पाळीव सशांच्या मेंदूंची एमआरआय तपासणी करून एक संशोधन प्रसिद्ध झालं. भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग पाळीव सशात लहान, आणि त्या भीतीला आवर घालणारा पुढचा भाग मोठा आढळला. हे दोन्ही पाठोपाठ वाचायला फार मजा आली. मात्र भीती कमी झाली याचा अर्थ ती गेली असा नाही. वरून झेपावणारा हात हा सशासाठी आजही घारच असतो. उचलल्यावर तो मागचे पाय झाडतो, आणि त्या झटक्याने स्वतःचाच कणा मोडू शकतो. म्हणून जमिनीवर बसून ओळख वाढवा असं सांगणारं पुस्तक मला पटतं, आणि मुखपृष्ठावर मूल सशाला छातीशी उंच धरून उभं असलेलं पुस्तक मी परत जागेवर ठेवते.

इतिहासाच्या पानांसाठी माझी एक कसोटी आहे. बहुतेक पुस्तकांत एक गोष्ट सापडते, की इ.स. 600च्या सुमारास पोपने सशाची नवजात पिल्लं उपवासाला चालतात असं जाहीर केलं आणि त्यामुळे मठांतल्या साधूंनी ससे पाळायला सुरुवात केली. 2018मध्येच संशोधकांनी मूळ कागदपत्रं तपासून या गोष्टीला आधार नसल्याचं दाखवलं. पोप ग्रेगरी आणि फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप ग्रेगरी या दोन वेगळ्या माणसांची सरमिसळ होऊन ती तयार झाली होती. पाळीव ससा एका ठरावीक वर्षी, एका ठरावीक माणसामुळे झाला नाही. ते हळूहळू, अनेक पायऱ्यांनी घडलं. 2018नंतरच्या पुस्तकातही ती गोष्ट जशीच्या तशी आली असेल, तर लेखकाने बाकीचं कुठून उतरवलं असेल याचा अंदाज बांधता येतो. सशाकडे माणूस कसा बघत आलाय हे समजून घ्यायचं असेल, तर सुझन डेव्हिस आणि मार्गो डीमेलो यांचं 2003मधलं ‘स्टोरीज रॅबिट्स टेल’ जरूर वाचा. लोककथा, मांसाचा व्यवसाय, लोकर, पाळीव ससा, सगळं एका ठिकाणी आहे. काही प्रकरणं जड जातात. सलग वाचू नका.

आता व्हेटच्या पुस्तकांकडे. आपण डॉक्टर नाही, मग ती कशाला, असं विचारणारे भेटतात. औषध द्यायला नाही, डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. कुत्र्यामांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सशांचा अनुभव असतोच असं नाही. फ्रान्सेस हार्कोर्ट-ब्राउन यांचं ‘टेक्स्टबुक ऑफ रॅबिट मेडिसिन’ (पहिली आवृत्ती 2002) मी प्रकरणाप्रकरणाने वाचते आहे. त्यातली दात आणि पचन ही दोन प्रकरणं पूर्ण झाली, आणि मालकाला सगळ्यात उपयोगाची हीच दोन आहेत.

पचनाचं आधी. सशाच्या आतड्यात खाल्लेल्याची चाळणी होते. जाडसर धागे झपाट्याने पुढे जाऊन कोरड्या, गोल लेंड्या होतात. बारीक भाग मागे, सीकम या आतड्याच्या पिशवीसारख्या भागात, ढकलला जातो. तिथे जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून सिकोट्रोप, म्हणजे ससा परत खातो त्या मऊ लेंड्या, बनतात. हे पुस्तकात वाचून कळतं, पण बघितल्यावर पक्कं बसतं. पहाटे बंड्या विसावलेला असतो, मध्येच डोकं पोटाखाली नेतो, क्षणभर तसाच थांबतो आणि वर येतो तेव्हा तोंड हलत असतं. सिकोट्रोप तो थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो, म्हणून आपल्याला ते सहसा दिसतही नाहीत. दिसलेच तर ओले, चकचकीत, तुतीच्या फळासारखे घोस. ते जमिनीवर पडून राहायला लागले की आहारात पिष्ट किंवा साखर जास्त होतेय, किंवा ससा जाड झालाय, किंवा त्याला वाकताना दुखतंय, यांपैकी काहीतरी असतं. ही यंत्रणा चालू राहते ती धाग्यांच्या जोरावर. म्हणून वाळलेलं गवत हाच मुख्य आहार, सतत समोर. आतडं मंदावलं की वायू धरतो, दुखतं, दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. सशाला उलटीही करता येत नाही. 12 तास काहीच न खाल्लेला, लेंड्या न टाकलेला ससा ही तातडीची वेळ समजा. सकाळची वाट बघू नका.

दातांचं तसंच. सशाला 28 दात, आणि सगळे जन्मभर वाढतात. पटाशीचे आपल्याला दिसतात, पण खरी गडबड बऱ्याचदा दाढांत असते आणि ती तोंड उघडून नुसतं बघितल्याने कळत नाही. कारणांबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. हार्कोर्ट-ब्राउन यांनी कॅल्शियमच्या कमतरतेवर भर दिलाय, इतर काहींनी दात पुरेसे न झिजण्यावर. हे प्रकरण वाचल्यावर लगेच 2015मधला एडिंबरा विद्यापीठातला अभ्यास वाचा. त्यात सशांचे चार गट करून 17 महिने वेगवेगळा आहार दिला: फक्त गवत, गवत आणि एकजिनसी गोळ्या, गवत आणि रंगीबेरंगी दाण्यांचं मिश्रण, आणि नुसतं मिश्रण. नुसत्या मिश्रणावरच्या सशांचे दात बिघडले. मिश्रणातलं आवडेल तेवढंच ससा निवडून खातो, गवत बाजूला पडतं. माझ्या मते मिश्रणाची पिशवी घरात येऊच नये.

सध्या हाताशी असतो तो 2012मध्ये प्रसिद्ध झालेला सशाच्या वेदनेचा चेहरामापक, रॅबिट ग्रिमेस स्केल. पाच गोष्टी बघायच्या: डोळे किती आवळलेत, गाल चपटे झालेत का, नाकपुड्यांचा आकार, मिशा आणि कान. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. ससा दुखणं लपवतो, म्हणून हे शिकायचं ते सशाच्या चांगल्या दिवसांत. मी दोघांचे निवांत असतानाचे चेहरे आधी न्याहाळून लिहून ठेवले. मिनू विश्रांती घेताना डोळे तसेच अर्धे मिटते. पण तेव्हा तिचे गाल गोल आणि मिशा सैल असतात. नुसत्या डोळ्यांवरून गुण दिले असते तर ती रोजच आजारी ठरली असती. शेजारी वजन आणि लेंड्यांचा आकार यांची नोंद असते. लेंड्या लहान होत गेल्या की खाणं कमी झालंय हे भांडं बघण्याआधीच कळतं.

प्रकाशन वर्ष बघायची सवय मात्र प्रत्येकाने लावून घ्यावी. सशांचा रक्तस्रावी रोग प्रथम 1984मध्ये चीनमध्ये आढळला, आणि त्याच्या विषाणूचा दुसरा प्रकार 2010मध्ये फ्रान्समध्ये. त्याआधीच्या पुस्तकात लसीबद्दल काही नसेल तर तो लेखकाचा दोष नाही, पण ते पान आज पुरेसं नाही. नव्या पुस्तकात मी चार वाक्यं शोधते: भुलीआधी सशाला उपाशी ठेवू नये, तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक देऊ नये, पिसवांसाठीचं फिप्रोनिल सशाला लावू नये, आणि नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो. यांपैकी एकाच्या उलट लिहिलेलं असेल तर पुस्तक बंद.

पुढचा टप्पा हार्कोर्ट-ब्राउन यांचं मूत्रमार्गाचं प्रकरण. सशाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतं, म्हणून ती गढूळ दिसते, आणि वनस्पतींतल्या रंगद्रव्यांनी कधी लालसुद्धा होते. गढूळपणा साधा कधी आणि खडा कधी, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. त्यासोबत लॉकलींचं पुस्तक दुसऱ्यांदा काढणार आहे, या वेळी फक्त माद्यांची प्रकरणं, कारण मिनू सध्या कपाटामागच्या कोपऱ्यात कोणालाही फिरकू देत नाही.