लंडनच्या रंगमंचावर झाशीची राणी, १९०९

१० नोव्हेंबर १९०९ रोजी लंडनच्या स्काला थिएटरमध्ये झाशीची राणी लक्ष्मीबाई रंगमंचावर अवतरली, आणि तिला तिथे आणणारी दिग्दर्शिका इंग्रज होती. हे वाचले तेव्हा मी ती तारीख पुन्हा एकदा पडताळून पाहिली, कारण १९०९ हे वर्ष आपल्या इतिहासात कसे होते हे शाळेत शिकलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, १८५७ वरील सावरकरांच्या ग्रंथावर सरकारने त्याच वर्षी बंदी घातली होती, सावरकर स्वतः अजून इंग्लंडमध्येच होते, आणि मदनलाल धिंग्रांना याच लंडन शहरात फाशी देऊन तीन महिनेही झाले नव्हते. अशा वेळी, राणीच्या मृत्यूला जेमतेम एकावन्न वर्षे झालेली असताना, तिला थोर स्त्रियांच्या मिरवणुकीत उभे करण्याचे कोणाच्या मनात आले असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला.

त्या दिग्दर्शिकेचे नाव एडिथ क्रेग. तिची माणसे तिला एडी म्हणत. मी राहते त्या केंट परगण्यातच तिच्या आयुष्याची शेवटची अनेक वर्षे गेली. पण इथे कोणासमोर तिचे नाव काढले, तर ‘म्हणजे एलन टेरीची मुलगी ना?’ असा प्रतिप्रश्न येतो आणि पुढची पंधरा मिनिटे एलन टेरीवर बोलण्यात जातात. एलन टेरी ही व्हिक्टोरियन काळातली सर्वांत लाडकी इंग्रज अभिनेत्री, लायसियम थिएटरात हेन्री आयर्विंगची नायिका, तेव्हा हे स्वाभाविकच म्हणायचे. एडीच्या धाकट्या भावाचे, एडवर्ड गॉर्डन क्रेगचे, नाव तर आपल्याकडे नाट्यशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. नटाऐवजी महाबाहुली उभी करण्याची त्याची कल्पना परीक्षेत हमखास विचारली जाते. भावाने जगाला सिद्धान्त दिले आणि बहिणीने वर्षानुवर्षे दर महिन्या-दोन महिन्यांनी नाटके उभी केली. प्रसिद्धी मात्र सिद्धान्तांच्या वाट्याला आली.

एडीचा जन्म ९ डिसेंबर १८६९ चा. वडील एडवर्ड गॉडविन हे नामांकित वास्तुविशारद होते. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते, कारण एलनचा चित्रकार वॉट्सशी झालेला विवाह तेव्हा कायद्याने मोडलेला नव्हता. ‘क्रेग’ हे आडनावही बापाचे नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभ्या असलेल्या एल्सा क्रेग नावाच्या खडकाळ बेटावरून ते घेतलेले आहे. तिला खरे तर पियानोवादक व्हायचे होते, आणि त्यासाठी ती बर्लिनपर्यंत जाऊन शिकली. पण हातांच्या सांध्यांच्या दुखण्याने ती वाट बंद झाली. मग लायसियमच्या मंडळीत लहान-मोठ्या भूमिका, मंडळीबरोबर अमेरिकेचे दौरे, १८९७ मध्ये नाटककार बर्नार्ड शॉच्या ‘कॅन्डिडा’च्या दौऱ्यात टंकलेखिका प्रॉसर्पिनची भूमिका, आणि त्याच सुमारास वेशभूषेचे काम, असा तिचा प्रवास आहे. अभिनेत्री म्हणून ती चांगली होती, पण आईच्या सावलीतून बाहेर पडण्याइतकी मोठी नव्हती, असे माझे मत आहे. तिचे खरे स्थान रंगमंचाच्या समोर, तालमीच्या खुर्चीत होते.

ज्या प्रयोगाने मला हे लिहायला बसवले, त्याचे नाव ‘अ पेजंट ऑफ ग्रेट विमेन’. संहिता सिसिली हॅमिल्टनची, आणि प्रयोगाची रचना व दिग्दर्शन एडीचे. स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठी अभिनेत्रींनी १९०८ मध्ये स्थापन केलेली अ‍ॅक्ट्रेसेस फ्रँचायझ लीग त्यामागे उभी होती. नाटकाची कल्पना साधी आहे. न्यायदेवतेसमोर एक स्त्री दाद मागायला येते, आणि पूर्वग्रह नावाचा पुरुष तिच्याविरुद्ध युक्तिवाद करतो. बाईला बुद्धी नाही, असे तो म्हणाला की विदुषींची रांग रंगमंचावर येते. बाईला कला नाही म्हणाला की कलावती येतात. त्यांमध्ये चित्रकार रोझा बोनर एडीने स्वतः उभी केली होती. शेवटी पूर्वग्रह आपले ठेवणीतले अस्त्र काढतो. राज्य शेवटी तलवारीवर टिकते, बाई लढू शकत नाही, म्हणून तिला राज्यकारभारात मत नको. हा युक्तिवाद नाटककर्तीने कल्पनेने रचलेला नव्हता. त्या काळी इंग्लंडमधले भलेभले राजकारणी तो गंभीरपणे मांडत असत. त्याला उत्तर म्हणून जोन ऑफ आर्क, बोडिसिया, सारागोसाची वीरकन्या अशा लढवय्या स्त्रिया एकामागून एक येतात, आणि त्यांच्यात आपली तांब्यांची मनू, झाशीची राणी. त्याच रांगेत फ्लॉरेन्स नायटिंगेलही आहे. तिला योद्ध्यांत बसवणे मला किंचित ओढूनताणून वाटते, पण राणीच्या शेजारी उभी आहे म्हणून मी ते सोडून देते.

हे कळल्यावर पहिल्यांदा ऊर भरून आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या बाईविरुद्ध ह्यू रोझने फौज आणली, तिलाच इंग्रज बायकांनी आपल्या पुरुषांविरुद्ध साक्षीला बोलावावे, यापेक्षा मोठी दाद कोणती असणार? पण नंतर संहितेकडे नीट पाहिले, तेव्हा आनंद थोडा ओसरला. या मिरवणुकीतल्या पन्नासेक थोर स्त्रियांपैकी जवळजवळ कोणालाच संवाद नाही. न्याय, पूर्वग्रह आणि दाद मागणारी स्त्री हे तिघे बोलतात. थोर स्त्रियांपैकी बोलते ती फक्त अठराव्या शतकातली अभिनेत्री नॅन्स ओल्डफिल्ड, आणि ती भूमिका अर्थातच एलन टेरीने केली होती. राणी येते, उभी राहते, तिच्याविषयी दुसरे कोणीतरी बोलते, आणि ती रांगेत सामील होते. जिच्या तोंडचे एक वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने शाळेच्या स्नेहसंमेलनात आवेशाने म्हटलेले असते, त्या राणीला लंडनमध्ये एक शब्दही मिळाला नाही.

शिवाय मताधिकाराच्या चळवळीतल्या बऱ्याच बायकांना साम्राज्याविषयी फारशी अडचण नव्हती, हेही सांगायला हवे. आम्हाला मत द्या, म्हणजे हिंदुस्थानातल्या आमच्या दुबळ्या भगिनींचे आम्ही कल्याण करू, असे त्यांच्यातल्या काही जणी उघडपणे लिहीत. तेव्हा राणीचा तो मान होता की ती केवळ वादात वापरायला घेतलेली एक सोयीची तलवार होती, याचा निकाल मला लावता येत नाही. तरीही, ज्या वर्षी तिच्या युद्धाविषयी लिहिलेला ग्रंथ सरकारला चालत नव्हता, त्या वर्षी ती स्वतः सरकारच्या राजधानीत, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर, सन्मानाने उभी होती. पुढे हा प्रयोग इंग्लंडमधल्या अनेक गावांत झाला. एडीची पद्धत अशी की मुख्य नट आणि पोशाखांचे पेटारे लंडनहून जात, आणि थोर स्त्रियांच्या भूमिका त्या त्या गावातल्या चळवळीतल्या बायका करत. म्हणजे कुठल्याशा गावातली कोणी शिक्षिका किंवा दुकानदाराची बायको एका संध्याकाळपुरती लक्ष्मीबाई झाली असणार. त्या बाईने घरी जाऊन राणीविषयी काय सांगितले असेल, याची कल्पना करण्यात माझे बरेच रिकामे तास गेले आहेत.

१९११ मध्ये एडीने पायोनियर प्लेयर्स ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. रंगायनच्या काळातले वाचक या संस्थेची रचना लगेच ओळखतील. वर्गणीदार सभासद, मोजके प्रयोग, धंदेवाईक रंगभूमी ज्यांना हात लावणार नाही अशी नाटके, आणि या सगळ्याला आकार देणारी एक करारी, शिस्तीची, स्वतः अभिनेत्री असलेली दिग्दर्शिका. आपल्याकडे १९६० मध्ये विजयाबाई मेहतांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगायन काढून जे मांडले, ते एडी अर्धशतक आधी लंडनमध्ये करत होती. सभासदत्वाचे आणखी एक कारण होते. इंग्लंडमध्ये तेव्हा प्रत्येक नाटकाला लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याची परवानगी लागे. पण सभासदांपुरत्या खासगी प्रयोगाला ती लागत नसे. या पळवाटेतून एडीने परवानगी नाकारलेली लॉरेन्स हाउसमनची आणि शॉची नाटके रंगमंचावर आणली. तिने दहाव्या शतकातल्या ह्रोत्स्विता या जर्मन जोगिणीचे नाटक १९१४ मध्ये सादर केले, रशियन एव्रेइनोव्ह आणि फ्रेंच क्लोदेल इंग्रजीत आणले, आणि १९२५ मध्ये सुझन ग्लास्पेलच्या ‘द व्हर्ज’मध्ये सिबिल थॉर्नडाइकला उभे केले. एवढी नाटके एवढ्या तुटपुंज्या पैशांत कशी झाली, याचे उत्तर तिच्या वेशभूषेच्या जुन्या व्यवसायात आहे. स्वस्त कापडातून राजवस्त्र कसे उभे करायचे, हे तिच्या हाताला ठाऊक होते.

इथे तुलना करण्याचा मोह आवरत नाही. पायोनियर प्लेयर्सचा पहिला प्रयोग ८ मे १९११ चा, आणि त्यातल्या तीन नाटिकांपैकी एक इंग्रज रंगभूमीवर आलेल्या पहिल्या अभिनेत्रीविषयी होती. त्याच वर्षी १२ मार्चला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला होता आणि भामिनी होते बालगंधर्व. म्हणजे त्यांच्या बायका अडीचशे वर्षे रंगमंचावर वावरून आता स्वतःच्या नाट्यसंस्था काढत होत्या, तेव्हा आपल्याकडे प्रतिष्ठित मंडळींच्या रंगमंचावर नायिका पुरुषच करत होते. हे वाचून कोणी मान खाली घालावी असे मात्र मला वाटत नाही. बालगंधर्वांसारखा स्त्री-अभिनय इंग्रजांच्या नशिबात नव्हता, आणि आपल्याकडे हिराबाई पेडणेकर तोवर स्वतः नाटके लिहू लागल्या होत्या. मताचे म्हणाल, तर इंग्रज बायकांना ते १९१८ मध्ये अर्धेमुर्धे आणि १९२८ मध्ये पुरते मिळाले, तेही मोर्चे, तुरुंग आणि उपोषणे सोसून. आपल्या आज्यांना संविधानाने ते पुरुषांच्या बरोबरीने एकाच दिवशी दिले. मी इथे येऊन इंग्रजांचे गोडवे गाते, असे सुटीत घरी गेले की एखादा नातेवाईक म्हणतोच, त्याच्यासाठी हे मुद्दाम लिहिले आहे.

पण नाटकाच्या परवानगीचा विषय निघाला की माझी बाजू लंगडी पडते. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये इंग्रज सरकारने बंदी घातली, ती कीचकात व्हाइसरॉय कर्झनला ओळखल्यामुळे, हे आपण अभिमानाने सांगतो, मात्र ज्या देशाने आपल्याला नाटकांवरचा सरकारी पहारा शिकवला, त्या देशाने आपल्या घरचा पहारा १९६८ मध्ये उठवला, आणि महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वरच्या बंदीचे काय झाले ते मी या वाचकांना सांगण्याची गरज नाही. एडीला पळवाट शोधावी लागली होती, आपण अजून शोधतो आहोत.

एडीचे उत्तरायुष्य केंटमधल्या स्मॉलहाइथ या खेड्यात गेले. तिथले सोळाव्या शतकातले लाकडी चौकटीचे घर एलन टेरीने १८९९ मध्ये विकत घेतले होते. शेजारच्या घरात एडी, लेखिका ख्रिस्तोफर सेंट जॉन आणि चित्रकार क्लेअर ऍटवूड या तिघी एकत्र राहत. यांपैकी ख्रिस्तोफर हे नाव एका स्त्रीने स्वतःसाठी निवडलेले होते, आणि या तिघींच्या संसाराला गावाने काय नाव दिले असेल ते असो, तो तीस वर्षे टिकला. जुलै १९२८ मध्ये एलन वारली, आणि एडीने आईचे घर जसेच्या तसे जपायचे ठरवले. वस्त्रे, पत्रे, प्रसाधनाचे सामान सगळे जागच्या जागी ठेवले. आवारातल्या गवती छपराच्या कोठारात छोटे नाट्यगृह केले आणि १९२९ पासून दरवर्षी आईच्या स्मृतिदिनाच्या सुमारास तिथे प्रयोग सुरू केला. गिलगुड, पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट, एडिथ एव्हान्स असे नट त्या कोठारात आले. १९३९ मध्ये तिने ते घर नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केले. लेडी मॅकबेथसाठी शिवलेला आणि भुंग्यांच्या हिरव्या चमकत्या पंखांनी मढवलेला आईचा तो विख्यात पोशाख पाहायला आज लोक तिथे जातात. मीही गेले, आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभी होते. तसे पंख कापडावर टाचण्याची कला मूळची आपल्याकडची, हे सोबतच्या मैत्रिणीला ऐकवण्याची संधीही मी सोडली नाही.

एडी आईची मुलगी म्हणूनच ओळखली जाते याचा मला राग येतो, पण तो राग कोणावर काढावा हेच समजत नाही, कारण ही व्यवस्था तिने स्वतः केली. दीडशेच्या आसपास नाटके करून दाखवणाऱ्या बाईने एक संग्रहालय उभे केले, ते आईचे. आपल्याकडे गुरूच्या नावाचा उत्सव वर्षानुवर्षे चालवणारे आणि स्वतःची मैफल मागे ठेवणारे शिष्य मी पाहिले आहेत, त्यामुळे हे मला अगदीच परके वाटत नाही. एडी २७ मार्च १९४७ रोजी त्याच खेड्यात वारली.

सिसिली हॅमिल्टनचे निधन १९५२ चे असल्यामुळे त्या संहितेचे हक्क आता दोन्ही देशांत खुले झाले आहेत. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयाने ती मराठीत करून पाहावी, असे मला फार वाटते. बोलणारे नट मोजके लागतात, आणि ज्या मुलींना एकांकिकेत कधी भूमिका मिळत नाही त्या सगळ्या मिरवणुकीत येऊ शकतात. थोर स्त्रियांची यादी अर्थातच बदलावी लागेल, आणि त्यावरून तालमीतच भांडणे होतील. राणीला मात्र त्यांनी बोलू द्यावे.