पुठ्ठ्याचा कल

मराठी घरात लग्नपत्रिका टाकवत नाही. वर गणपती असतो ना! मग ड्रॉवरमध्ये पत्रिकांची चळत साठत जाते. घरी शिवायच्या वहीच्या कव्हरला मात्र याहून चांगला पुठ्ठा विकत मिळणं कठीण. जाड, मागून बहुतेक कोरा, घडीची रेघ आधीच दाबलेली. गणपतीला कात्री लावायचीही गरज नाही, तोच मुखपृष्ठावर बसतो.

मिठाईचा बॉक्स, नव्या शर्टातला पुठ्ठा, बुटांचं खोकं, काहीही चालतं. फक्त मोजपट्टी उचलण्याआधी पुठ्ठा उभा-आडवा हलकेच वाकवून बघावा. एकीकडे तो सहज वाकतो, दुसरीकडे अडतो. कारखान्यात लगद्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेने बसतात, बाइंडर त्याला ग्रेन म्हणतात. सहज वाकणारी घडी वहीच्या कण्याला, म्हणजे शिवणीच्या कडेला, समांतर हवी. उलट धरली तर मिठाईच्या बॉक्सचा चकचकीत थर घडीवरच तडकतो, आणि रद्दीपासून केलेल्या पुठ्ठ्याचे तंतू आखूड असल्याने ती तड वाढतच जाते. कुरिअरच्या नालीदार खोक्याचंही तेच, नाल्या कण्याला समांतर ठेवाव्यात. घडी घालण्याआधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने रेघ दाबून घ्यावी. या खोक्याला कमी लेखू नये. ब्यूनॉस आयर्समध्ये २००३ साली सुरू झालेल्या एलोइसा कार्तोनेरा या प्रकाशनाने कचरावेचकांकडून रद्दीच्या भावापेक्षा जास्त पैसे देऊन असाच पुठ्ठा घेतला आणि हाताने रंगवून त्याची कव्हरं केली.

खरी गंमत आतल्या पानांची. एका बाजूला छापलेले ए-फोर कागद एकात एक घालून शिवले की दर दुसरं पान छापील निघतं आणि किराण्याच्या यादीत मागच्या वर्षीचा अहवाल डोकावतो. त्यापेक्षा प्रत्येक कागद छापील बाजू आत घेऊन सुटा दुमडावा. घडी बाहेरच्या कडेला, सुट्या कडा कण्याकडे. जपानी बांधणीत असंच असतं. ३० कागदांत ६० कोरी पानं मिळतात. घडी उभी घालावी, कारण ए-फोरचा ग्रेन सहसा लांबीच्या दिशेने असतो. आडव्या घडीची वही म्हणूनच ताठ राहते, हात काढला की मिटते. उभ्या घडीने साडेदहा सेंटीमीटर रुंद आणि जवळजवळ ३० सेंटीमीटर उंच अशी लांबुडकी वही होते. दुधाच्या हिशेबाला मला तरी हाच आकार आवडतो.

कण्यापासून एक सेंटीमीटर आत, दोन्ही टोकांना दीड सेंटीमीटर सोडून सारख्या अंतरावर ६ भोकं पाडावीत. इथे दाभण दगा देतं. साठ थरांतून ते तिरकं जातं आणि मागची भोकं ओळ सोडतात. गठ्ठ्याला क्लिपा लावून, खाली फळी ठेवून खिळा आणि हातोडी वापरावी. जाड सुती दोरा कण्याच्या पाचपट घ्यावा आणि मेणबत्तीवर ओढून घ्यावा, नाहीतर भोकाभोकातून घासून त्याची पिसं निघतात.

कव्हरवर कागद चिकटवायचा असेल तर मैद्याची खळ बरी. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. गार पाण्यात गुठळ्या मोडून मगच गॅसवर ठेवावं आणि अर्धपारदर्शक होईपर्यंत ढवळत राहावं. किडीसाठी बाइंडर तीत मोरचूद घालतात, पण ते विषारी, तेव्हा भांडं स्वयंपाकाचं नको. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला होडीसारखा वाकवतो. आतूनही तसाच कागद लावला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. रात्रभर वजनाखाली ठेवावं.

रसाच्या टेट्रापॅकला ही खळ धरतच नाही, दोन्ही अंगांनी प्लास्टिक असतं. तो उभा चिरून, साबणाने धुऊन वाळवावा आणि नुसता शिवावा. कोपऱ्यांच्या घड्या उलगडून धुवायला विसरू नये, मुंग्या तिथेच येतात.