कॅशलेस असूनही डिस्चार्जला पैसे का भरावे लागतात?

मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात मी कॅशलेसचं, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देण्याच्या सोयीचं, टेबल सांभाळते. तासगाव, जत, शिरोळ, इचलकरंजी, पलीकडे कागवाड-अथणी, अशा सगळीकडून माणसं इथे येतात. विम्याची फाइल करायची, कंपनीकडे किंवा टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे पाठवायची, आलेल्या क्वेरीला डॉक्टरांकडून उत्तर मिळवायचं आणि शेवटी मंजूर झालेला आकडा नातेवाइकांना सांगायचा, हे माझं काम. त्यातलं शेवटचं सगळ्यांत जड जातं. पेशंट बरा झालेला असतो, घरी जायला गाडी खाली येऊन थांबलेली असते आणि मला सांगावं लागतं की अजून सत्तर हजार भरायचे आहेत.

"मॅडम, इतकी वर्षं हप्ता भरतोय की आम्ही. मग हे कसले पैसे?"

बहुतेक वेळा याचं उत्तर दाखल होताना घेतलेल्या खोलीत असतं.

गेल्या पावसाळ्यातली एक केस, आकडे गोळाबेरीज करून सांगते. बापू घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. पॉलिसी तीन लाखांची. तिच्यात लिहिलं होतं की खोलीचं भाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांपर्यंत. त्या दराची दोन खाटांची खोली शिल्लक होती. पण मुलाने ६,००० रुपयांची स्वतंत्र खोली घेतली. "पाव्हणं-रावळं येणार बघायला, बापूंना दुसऱ्याबरोबर कसं ठेवायचं?" माया होती ती, आणि खिशात विमा आहे हा धीरही होता.

पाच दिवसांनी बिल झालं २,४०,००० रुपये. त्यात खोली ३०,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि व्हिजिटा मिळून १,००,०००, इम्प्लांट ५०,०००, औषधं ४०,०००, तपासण्या १४,०००, आणि हातमोजे, डायपर, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड असल्या वस्तू ६,०००.

आता कपात कशी होते ते बघा. खोलीचे जास्तीचे १५,००० गेले, हे कुणालाही समजतं. त्या ६,००० च्या वस्तू बहुतेक पॉलिसींत 'नॉन-पेएबल', म्हणजे विमा ज्यांचे पैसे देत नाही त्या यादीत असतात, तेही गेले. पण खरा घाव पुढे बसतो. हक्काची खोली ३,००० ची, घेतली ६,००० ची, म्हणजे निम्मं प्रमाण. तेच प्रमाण सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर यांनाही लागतं, कारण बऱ्याच रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की त्याच ऑपरेशनचा दरही बदलतो. एक लाखातले ५०,००० तिथे कापले गेले. एकूण कपात ७१,०००. खोलीतला फरक पाच दिवसांचा १५,००० होता आणि खिशातून गेले त्याच्या चौपटीहून जास्त.

याला प्रमाणशीर कपात म्हणतात. पॉलिसीच्या कागदात ती एखाद-दुसऱ्या ओळीत असते. मला मनापासून वाटतं की ही ओळ पॉलिसी विकणाऱ्याने तोंडी, आकड्यांसकट समजावली पाहिजे. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत आणलेल्या वडिलांची ट्रॉली धरून उभ्या असलेल्या मुलाने ती वाचावी, ही अपेक्षाच क्रूर आहे.

पण या कपातीलाही कुंपण आहे. इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये नियम स्पष्ट केले: औषधं आणि कन्झ्युमेबल्स (वापरून संपणाऱ्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या यांना हे प्रमाण लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. आणि ज्या रुग्णालयात खोली बदलली तरी बाकीचे दर तेच राहतात, तिथे ते लागतच नाही. बापूंच्या फाइलवर पहिलं मंजुरीपत्र आलं तेव्हा कंपनीने औषधं आणि तपासण्यांमधूनही निम्मे कापले होते, म्हणजे आणखी २७,०००. मुलगा पैसे भरून बापूंना घरी घेऊन गेला, पण जाताना मी त्याला बिलाचा तपशील, मंजुरीपत्र आणि कपातीची यादी, सगळ्याच्या प्रती दिल्या. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला काय लिहायचं तेही सांगितलं: कुठली रक्कम, कुठल्या शीर्षाखाली कापली, ती का कापता येत नाही. रागाचा एक शब्द नाही, फक्त आकडे. २७,००० रुपये परत आले. त्याचा फोन आला त्या दिवशी मी दुपारचा डबा जरा सावकाश खाल्ला.

कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. आपल्या सांगली-कोल्हापूरसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला. वकील लागत नाही, फी नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. हे माहीत नसल्याने कितीतरी जण गप्प बसतात.

दुसरा गोंधळ डिडक्टिबलचा. पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि वर 'पाच लाख डिडक्टिबल' असलेली वीस लाखांची पॉलिसी, असं हल्ली बरेच जण घेतात. हप्ता कमी पडतो आणि विचार चांगला आहे. पाच लाखांपर्यंत ही वरची पॉलिसी हात लावत नाही, त्यापुढे देते. पण ती टॉप-अप आहे की सुपर टॉप-अप, हे बघितलंच पाहिजे. समजा घरात एकाच वर्षात दोनदा दाखल व्हावं लागलं, एकदा साडेतीन लाख, एकदा दोन लाख ऐंशी हजार. एकूण सहा लाख तीस हजार. साधी टॉप-अप प्रत्येक दाखल होण्याचा हिशेब वेगळा धरते, दोन्ही वेळा रक्कम पाच लाखांच्या आत, म्हणून ती एक रुपया देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघते आणि वरचे एक लाख तीस हजार देते. हप्त्यातला थोडा फरक वाचवायला कुणी साधी टॉप-अप घेत असेल, तर मी स्पष्ट सांगते, घेऊ नका.

आणखी एक, जे एजंट सहसा सांगत नाहीत: डिडक्टिबल भरायला मूळ पॉलिसी असलीच पाहिजे असं नाही, ते पैसे तुम्ही खिशातून भरले तरी सुपर टॉप-अपचा दावा करता येतो. मात्र बेरजेत साधारणपणे त्या पॉलिसीला मान्य असलेलाच खर्च धरतात, हातमोजे-डायपरचे पैसे नाहीत. पहिल्या कंपनीकडे मूळ कागद गेले की दुसरीला तिचं सेटलमेंट पत्र आणि रुग्णालयाने शिक्का मारलेल्या प्रती लागतात. डिस्चार्जच्याच दिवशी मागून घ्या. नंतर त्यासाठी परत मिरजेची फेरी पडते.

ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसींत को-पे असतो, म्हणजे मान्य बिलातला ठरलेला हिस्सा आपण भरायचा, तोही पाहून ठेवा. २० टक्के को-पे म्हणजे दोन लाखांच्या मान्य बिलात ४०,००० तुमचे, खोली कितीही साधी घेतली तरी. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांची सारखी पॉलिसी २०२० मध्ये आली, तिच्यातही ५ टक्के को-पे आहे आणि खोलीला मर्यादा आहे.

वेळेबद्दलही लोक चिडतात, आणि बरोबर चिडतात. इर्डाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती गेल्यावर तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. फाइल किती वाजता पाठवली, हे आमच्यासारख्यांना जरूर विचारा. मला विचारलेलं आवडतं.

घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्नाची अट न घालता मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. नोंदणी आधारवर होते. फक्त आपण जाणार ते रुग्णालय योजनेत आहे का आणि तो उपचार तिथे त्या योजनेत करतात का, हे फोन करून आधीच विचारा.