लाल तार म्हणजे अर्थिंग

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत स्थायिक होऊन बरीच वर्षे लोटल्यावर मी १९६९ सालची ट्रायम्फ बॉनव्हिल टी-१२० ही मोटरसायकल विकत घेतली. ती नऊ वर्षे एका शेडमध्ये उभी होती आणि विकणाऱ्या गृहस्थांनी ‘इंजिन जाम झालेले नाही’ एवढीच हमी दिली होती. त्याच १९६९ साली होंडाची चार सिलिंडरची, बटनावर सुरू होणारी सीबी ७५० बाजारात आली, हे मला ठाऊक होते. तरीही दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली करणारी आणि निव्वळ किकवर सुरू होणारी ही ६४९ सीसीची गाडी मी निवडली, कारण तिच्यात जे बिघडते ते बहुतेक पाना घेऊन स्वतः उघडून पाहता येते. साताऱ्याला मामांच्या जुन्या बुलेटवर शिकल्यामुळे उजव्या पायाचा गिअर तरी मला नवा नव्हता.

पहिली चूक माझीच होती. नवी बॅटरी आणली आणि सवयीने ऋण टोक चासीला जोडले. या गाडीत धन टोक अर्थ केलेले, म्हणजे चासीला जोडलेले असते. लाल तार म्हणजे अर्थिंग, हे मी पुस्तिकेत वाचूनही हाताने विसरलो. फ्यूज तत्काळ उडाला, आणि तो उडाला म्हणूनच बाकीचे वायरिंग वाचले.

खरा हिवाळा गेला तो तेलाच्या गळतीत. पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, नळ्यांच्या मुळाशी तेल पाझरत होते. नव्या सील बसवायच्या तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवावे लागते, आणि हेड उतरवायला निघाल्यावर कळले की माझे मिलिमीटरचे पाने जवळपास निरुपयोगी आहेत. इथे काही नट व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे, तर काही नंतरच्या इंची मापाचे. जुन्या बाजारातून पान्यांचा एक संच आणला, त्यात आठवडा गेला. जितकी सील जाड तितकी ती घट्ट, अशा समजुतीने मी सर्वांत जाड सील बसवल्या. तेल थांबले, पण हेडच्या सांध्यातून हवा फुसफुसू लागली, कारण जाड सीलने हेड उचलून धरले होते आणि सांध्यातल्या गॅस्केटवर, म्हणजे तांब्याच्या पातळ पत्र्यावर, दाबच पडत नव्हता. दुसऱ्या खेपेस योग्य रीत समजली: गॅस्केट आणि सील जागेवर ठेवून हेड नुसते वर टेकवायचे आणि बोल्ट आवळण्यापूर्वी हेड व गॅस्केट यांच्यामधली फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजायची, ती फट म्हणजे सील किती दबणार त्याचे माप. तांब्याचे गॅस्केट लालबुंद तापवून पाण्यात बुडवले की मऊ होते आणि पुन्हा वापरता येते. पोलादाच्या बाबतीत नेमके उलटे घडते, म्हणून हे करताना माझा हात थोडा कचरला. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची, फट थंड इंजिनावर इनलेटला इंचाचे दोन हजारांश आणि एक्झॉस्टला चार हजारांश ठेवली.

सुरू करण्याचा क्रम आता अंगवळणी पडला आहे. क्लच दाबून किक दोन-तीनदा हलकेच फिरवायची म्हणजे चिकटलेल्या प्लेटा सुटतात. मग पेट्रोलचे दोन्ही नळ उघडून दोन्ही कार्ब्युरेटरचे टिकलर, म्हणजे त्यांत जादा पेट्रोल भरणारी छोटी बटने, बोट ओले होईपर्यंत दाबायचे, आणि त्यानंतरच चावी फिरवायची. एक पायरी चुकली की गाडी तासभर रुसते. शेजारच्या तरुणाने एकदा विचारले, ‘काका, एवढा खटाटोप रोज?’ रोज नाही, रविवारीच, असे मी म्हणालो खरा, पण रविवारची वाट मी बुधवारपासून पाहत असतो.

इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांपुढच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाडीला दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही. मी मात्र ती मुद्दाम करून घेतली, कारण ब्रेकच्या बाबतीत माझा स्वतःवर तेवढा विश्वास नव्हता.

एप्रिलमधल्या एका कोरड्या सकाळी मी ती मेरिडनला नेली. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीतला कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर ट्रायम्फने १९४२ साली तिथे नवा कारखाना उभारला आणि तो १९८३ मध्ये बंद पडला. आता तिथे घरे आहेत. गाडी स्टँडवर लावली, खाली पुठ्ठा सरकवला आणि दहा मिनिटे थांबलो. नळ्यांच्या मुळाशी सारे कोरडे होते; पुठ्ठ्यावर मात्र गिअरबॉक्सच्या बाजूने एक ठिपका पडला होता. खिशातली वही काढून मी तारखेपुढे तेवढे लिहून घेतले आणि किकवर पाय ठेवला.