काकांची एन्ट्री

कंपन्यांच्या वार्षिक समारंभात हल्ली एक नवं खूळ आलंय. बक्षीस घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाने आपलं ‘थीम साँग’ आधी कळवायचं. नाव पुकारलं की ते वाजतं आणि माणूस झोकात स्टेजवर येतो. मजा सगळ्यांची, कटकट साउंडवाल्याची. गाणी व्हॉट्सॲपवर येतात, निम्मी यूट्यूबवरून उतरवलेली. जुन्या गाण्याचा आवाज दबका, नव्याचा कानठळ्या बसवणारा. सगळी एका पातळीला आणायची. विंगेतून पोडियमपर्यंत दहा-बारा सेकंद लागतात, म्हणून प्रत्येक गाणं नेमकं मुखड्यावर कापून ठेवायचं. रात्र जाते यात, आणि बिलात त्याची ओळसुद्धा नसते.

सेल्सच्या पोरांना हिरोची एन्ट्री हवी असते, तीही सगळ्यांना एकाच सिनेमातली. साहेब लोक हाताखालच्यांनी काय मागितलंय ते बघून मग आपलं गाणं पाठवतात. आपलं खरंच काय आहे, याचा विचार करून कुणी मागत असेल असं मला तरी वाटत नाही.

प्रभादेवीच्या कार्यक्रमात यादीच्या तळाशी एक निवृत्त होणारे शिपाईकाका होते. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं : आकाशवाणीची धून. पहाटेची सभा सुरू व्हायच्या आधी वाजते ती. नाझींच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने १९३६ साली केलेली, शिवरंजनीतली. तिला मुखडाच नाही, कापणार कुठे? एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “काहीतरी एनर्जेटिक लावा ना, त्यांना काय फरक पडतो!” मी मान डोलावली आणि धून अख्खी भरून ठेवली.

हॉलमध्ये जागा नव्हती म्हणून कन्सोल विंगेतच मांडला होता. नाव पुकारलं, मी फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर घेतला. आधी नुसता तंबोरा. माझ्या हाताखालच्या पोराला वाटलं अर्थिंग गेलं, विजेची पन्नास हर्ट्झची घरघर, हम येतोय. तो केबल उपटायला धावला, मी त्याची कॉलर धरली. मग व्हायोलिन आलं. पुढच्या रांगेतले दोन-तीन पिकल्या केसांचे हसले; बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले.

आणि स्टेज रिकामं. काका माझ्यापासून हातभर अंतरावर उभे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. जागचे हलेनात. निवेदिकेने धुनीवरच परत नाव घेतलं. मॅडम हेडसेटवर ओरडताहेत, “पाठवा त्यांना!” मी म्हटलं, “काका, जा की.”

त्यांनी हातानेच थांब म्हटलं. “संपू दे रे. ही वाजते तेव्हा काही सुरू झालेलं नसतं.”

धून संपली. मग काका निघाले, गाण्याशिवाय. पोडियमपर्यंत नुसता चपलांचा आवाज. टाळ्या त्यानंतर पडल्या, आणि बराच वेळ पडल्या.

नंतर चहा घेताना मी विचारलं, मुद्दाम थांबलात का? म्हणाले, “ऑफिसचं कुलूप मी काढतो. दिवे, एसी, पाण्याचं मशीन. तुम्ही लोक येता तोवर माझं सगळं झालेलं असतं.” एवढंच बोलले आणि कपातली साय बोटाने बाजूला करत बसले.

हे त्यांनी आधीच ठरवलं होतं, की ऐनवेळी पाय जड झाले म्हणून नंतर सुचलं, हे मला अजून सांगता येत नाही. फेडर धरून मी त्यांच्या शेजारीच होतो, आणि त्यांचा गुडघा थरथरत होता हे मी पाहिलंय. पण आवाज अगदी ठाम होता.

पुढे कंपनीने माझ्या बिलातून पैसे कापले. कारण लिहिलं, ‘ऑडिओ गॅप’. मी भांडलो नाही, त्यांचं दुसरं काम यायचंय. पण व्हिडिओ एडिटरला मात्र फोन केला, ते रिकामं स्टेज तसंच ठेव म्हटलं. तो हो म्हणाला. परवा फिल्म पाहिली, तर काका एका जोरदार ढोलाच्या तुकड्यावर स्टेजवर येतात.