बंद करता न येणारी चूल

कॅलिफोर्नियातील पाइनक्रेस्टच्या समिट रेंजर स्टेशनमध्ये, म्हणजे वनखात्याच्या कचेरीत, मी माझी लाकडाची चूल काउंटरवर ठेवली, तेव्हा पलीकडच्या रेंजरबाईंनी ती उचलून उलटीसुलटी करून पाहिली आणि एवढेच विचारले, "ही बंद कशी करता?" लाकूड संपले की ती आपली आपणच विझते, असे मी सांगितले. त्या हसल्या, आणि परीक्षेत आपण नापास झालो आहोत हे माझ्या लक्षात आले.

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. पुण्याहून आलेल्या मावसभावाला घेऊन मी सॅन होजेहून भल्या पहाटे निघालो होतो, आणि ओकडेल, सोनोरा मागे टाकत 108 क्रमांकाच्या महामार्गाने सिएरा नेवाडाच्या चढाला लागलो होतो. स्टॅनिस्लॉस राष्ट्रीय वनातील एमिग्रंट वाइल्डरनेस या राखीव रानात, बेअर लेकच्या काठी एक रात्र काढायची, असा बेत होता. कॅलिफोर्नियात अशा ठिकाणी शेकोटीच काय, साधा गॅसचा स्टोव्ह पेटवायचा असला तरी कॅम्पफायर परमिट लागते. ते फुकट मिळते आणि एक छोटी चित्रफीत पाहून, चार प्रश्नांची उत्तरे देऊन घरबसल्या काढता येते. मी ते काढले होते, आणि तेवढ्यावर माझी चूलही कायदेशीर झाली, असा माझा सोयीस्कर समज होता.

या चुलीचे मला फार कौतुक होते. ती स्टीलच्या दोन भिंतींची, पाव किलोच्या आसपास वजनाची आहे. बुडाच्या भोकांतून आत आलेली हवा दोन भिंतींमधून तापत वर चढते आणि आतल्या भांड्याच्या काठालगतच्या भोकांतून बाहेर पडते. तेथे लाकडाचा धूरच पेट घेतो, त्यामुळे चूल नीट तापली की काठाभोवती गॅसच्या बर्नरसारख्या ज्वाळांचे कडे दिसते आणि धूर जवळजवळ नाहीसा होतो. सरपण म्हणजे बोटभर जाडीच्या काटक्या, आणि मागे उरते ती मूठभर राख. हे सगळे मी रेंजरबाईंना मोठ्या उत्साहाने ऐकवले. आच बंदिस्त आहे, जमिनीला टेकत नाही, शेकोटीशी तिचा काही संबंध नाही, असेही वर जोडले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग भिंतीवर लावलेला निर्बंधांचा आदेश दाखवला. उघड्या रानात त्या दिवसांत चालणार होते ते फक्त गॅसवर किंवा दाबाखालील द्रव इंधनावर चालणारे स्टोव्ह, म्हणजे बटण फिरवले की त्याच क्षणी विझणारे. काटक्यांची चूल त्यात बसत नव्हती, आणि लांब पल्ल्याच्या पदयात्रींचा लाडका, बिनबटणाचा स्पिरिटचा स्टोव्हही बसत नव्हता. आदेश मोडल्यास 5,000 डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. ज्वाळा लहान की मोठी याला येथे महत्त्व नाही. वारा फिरला, भांडे कलंडले किंवा बाजूचे गवत धरले, तर तुम्ही ती तत्क्षणी मारू शकता का, एवढाच मुद्दा आहे, असे त्या म्हणाल्या.

"दादा, मग आता खिचडी कशावर?" भावाने बाहेर आल्या आल्या विचारले. डिकीत जुना गॅसचा स्टोव्ह पडून होता. पाइनक्रेस्टच्या दुकानातून त्यासाठी नवे सिलिंडर घेतले, चूल डिकीत टाकली आणि क्रॅबट्री ट्रेलहेडवरून, म्हणजे पायवाट सुरू होते तेथून, चालायला लागलो. मनातून मी थोडा खट्टूच होतो, हे कबूल करतो.

वाटेत पाय कशावर पडतो आहे याकडे मात्र माझे प्रथमच लक्ष गेले. पाइनच्या वाळलेल्या सुयांचा थर काही ठिकाणी घोट्यापर्यंत होता. एका जागी काठीने उकरून पाहिले, तर वर तांबूस, कडकडीत सुया, त्याखाली कुजत आलेला भुसा, त्याखाली मुळांचे जाळे, आणि चार बोटे खोल गेलो तरी ओल नाही. अशा थरात शिरलेला निखारा धूरही न दाखवता दिवसेंदिवस धुमसत राहू शकतो आणि वारा सुटला की भलतीकडेच वर येतो. माझ्या चुलीत काटकी टाकताना दर वेळी तड्‌ असा आवाज होऊन एखादी ठिणगी उडतेच. ती कोठे पडते हे मी आजवर कधी पाहिले नव्हते.

बेअर लेकजवळ एका उघड्या ग्रॅनाइटच्या कातळावर आम्ही स्टोव्ह मांडला. परमिटच्या अटीप्रमाणे भोवतीची पाच फूट जागा साफ करायची असते, पण कातळावर साफ करायला काहीच नव्हते. मुगाची खिचडी शिजत आली असता भावाचा पाय लागून भांडे कलले, मी बटण फिरवले, ज्वाळा गेली. अर्धी खिचडी कातळावर सांडली, त्यापलीकडे काही झाले नाही. भाऊ ओशाळला, मी मात्र काही वेळ त्या बटणाकडेच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी भावाला सोनोरा पास हा घाट दाखवावा म्हणून 108 नेच आणखी वर गेलो. वाटेत डॉनेल व्हिस्टा या थांब्यावरून खाली जलाशय दिसतो, आणि समोरच्या उतारांवर जळक्या खोडांच्या रांगा. ऑगस्ट 2018 मधील डॉनेल वणव्याने येथील 36 हजारांहून अधिक एकर रान खाल्ले आणि पुढचे डार्डनेलचे जुने रिसॉर्टही नेले. मागे सोडून दिलेली एक बेकायदेशीर शेकोटी, हे त्याचे कारण. याच राष्ट्रीय वनात 2013 मध्ये पेटून अडीच लाखांहून अधिक एकरांवर पसरलेला रिम वणवाही एका शिकाऱ्याच्या बेकायदेशीर शेकोटीतून सुरू झाल्याचा निष्कर्ष वनखात्याने काढला होता. भाऊ म्हणाला, "आपण एप्रिलमध्ये हरिश्चंद्रगडावर तीन दगडांची चूल मांडायचो, तेव्हा कोणी विचारले होते का?" कोणी विचारले नव्हते. भोवती कमरेएवढे वाळलेले गवत होते, आणि निघताना आम्ही राखेवर पाण्याची एक बाटली ओतून तिला विझलेली समजायचो.

पाऊस लागल्यावर, डिसेंबरात, मी ती चूल परसात पेटवली. तेथेही आधी पाहावे लागले, कारण सॅन होजे ज्यात येते त्या बे एरियात हवा खराब असल्याचा इशारा असेल त्या दिवशी लाकूड जाळायला बंदी असते. अर्धा लिटर पाणी उकळले, ज्वाळा बसली, आणि मी घड्याळ लावले. वीस मिनिटांनी वरून सगळी राख पांढरी दिसत होती. काडीने ढवळली, तर तळाशी बोराएवढे दोन निखारे लाल होते, आणि फुंकर मारताच एकाने काडीचे टोक धरले. चाळीस मिनिटांनी त्यातला एक अजून जिवंत होता. शेवटी पाणी ओतले, हाताने चिवडले, पुन्हा ओतले, तेव्हा कोठे राख गार लागली.

चूल आता गॅरेजमध्ये वरच्या फळीवर आहे. पहिला हिमवर्षाव होऊन निर्बंध उठले की ती पुन्हा पिशवीत जाईल.