उंची थांबली की ताटाचा हिशोब बदलतो

पीकेयू, एमएसयूडी किंवा युरिया सायकलचा विकार (प्रथिनं मोजूनच खावी लागतात असे जन्मजात आजार) असलेलं मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की घरातला धाक जरा सैलावतो. उंची झपाट्याने वाढत असते, नवे स्नायू तयार होत असतात आणि खाल्लेल्या प्रथिनांतली अमिनो आम्लं तिकडे वापरली जातात. दिवसाला ३०० मिलिग्रॅम फिनाईलॲलनिन (पीकेयूत रक्तात साठणारं अमिनो आम्ल) सोसणारं पीकेयूचं मूल तेव्हा थोडं जास्त खाऊनही चांगला रिपोर्ट आणतं. सगळ्यांना वाटतं, आजार निवळला.

तो निवळलेला नसतो. मुलींची उंची पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन वर्षांत थांबत येते, मुलांची बरीच उशिरा. वाढ थांबली की शरीराची मागणी घटते, ताट मात्र वाढलेलंच राहतं. पीकेयूत याचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. लक्ष लागत नाही, चिडचिड होते, अभ्यास मागे पडतो आणि घरचे म्हणतात, वयच तसं आहे. म्हणून दर तीन महिन्यांनी उंची लिहून ठेवा. लागोपाठ दोनदा वाढ मंदावलेली दिसली की पुढच्या तारखेची वाट न पाहता आहारतज्ज्ञांना कळवा.

पीकेयूचा रिपोर्ट, म्हणजे रक्तातलं फिनाईलॲलनिन, वाचताना एकक पाहा. ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे ३६० मायक्रोमोल प्रति लिटर. अमेरिकन शिफारशींत ही मर्यादा आयुष्यभरासाठी आहे. युरोपात बाराव्या वर्षानंतर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या डॉक्टरांची रेघ कोणती, हे स्पष्ट विचारून घ्या. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट लाजेखातर टाळू नका: गर्भधारणेच्या आधीपासून पातळी ३६० च्या खाली हवी, नाहीतर बाळाच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होऊ शकते. हे पंधराव्या-सोळाव्या वर्षीच तिला समजावून सांगा.

तपासणीसाठी रक्ताचे थेंब घ्यायचं कार्ड सकाळी, पावडरचा (आजाराला न चालणारी अमिनो आम्लं वगळून बनवलेल्या औषधी प्रथिनांचा) पहिला डोस घेण्याआधी भरा. सावलीत आडवं ठेवून तीन-चार तास वाळू द्या. पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. ओलसर कार्ड पाकिटात घातलं की नमुना वाया जातो.

या वयात सगळ्यात आधी बंद पडते ती पावडर. वास येतो, मित्र विचारतात. मग दिवसभराचा डोस रात्री एकदम घेतला जातो. अमिनो आम्लं एकदम आली की शरीर ती जाळून टाकतं, वाढीला वापरत नाही. तीन-चार भाग करा. डब्याबरोबरचा भाग गार करून झाकणाच्या बाटलीत द्या. पावडर सुटली की ब१२ सुद्धा कमी पडतं. जिममधल्या व्हे पावडरच्या एका डोसात २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे सुमारे ७५० मिलिग्रॅम फिनाईलॲलनिन, म्हणजे साधारण अडीच दिवसांचा कोटा. व्यायाम जरूर करू द्या, ही पावडर मात्र नको.

आपल्या नाशिकचं खाणं तसं सोयीचं आहे. द्राक्षांत प्रथिनं अगदी कमी. साबुदाण्यात तर नसल्यासारखीच, पण खिचडीतलं २० ग्रॅम कूट पाच ग्रॅम प्रथिनं आणतं. भगर आणि राजगिरा उपवासाचे असले तरी त्यांत प्रथिनं भरपूर आहेत. मिसळीत मटकी आणि शेव, दोन्ही कडधान्यांची. नुसता कट आणि बटाटाही मोजूनच घ्यावा लागतो.

खरा धोका उपवासाचा, आणि तो युरिया सायकल व एमएसयूडीच्या मुलांना. उपाशीपोटी वणीच्या गडावर पायी जाणं म्हणजे शरीराला स्वतःचे स्नायू जाळायला लावणं. युरिया सायकलच्या विकारात त्यातून अमोनिया वाढतो, एमएसयूडीत ल्युसिन (त्या आजारात साठणारं अमिनो आम्ल). काही मुलींना हाच त्रास पाळीच्या आसपास होतो, म्हणून उलटी, गुंगी, अडखळती चाल यांच्या तारखा पाळीच्या तारखांशेजारी लिहा. युरिया सायकलच्या मुलांना व्हॅल्प्रोएट (फिटचं औषध) नको. स्टेरॉइडच्या गोळ्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत.

आजारपणात दहा वर्षांवरच्या मुलाला साधारणपणे २५ टक्क्यांचं माल्टोडेक्स्ट्रिनचं (पिष्टापासून बनवलेल्या, ऊर्जा देणाऱ्या पुडीचं) पाणी देतात: २५ ग्रॅम वजनाने मोजून, पाणी घालून एकूण १०० मिलि करायचं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. एका वेळी किती द्यायचं ते तज्ज्ञांनी तुम्हाला दिलेल्या आजारपणाच्या पत्रात लिहिलेलं हवं. प्रथिनं बंद ठेवायची ती २४ ते ४८ तासच. जास्त लांबवलं तर स्नायू पुन्हा मोडू लागतात. एमएसयूडीची पावडर मात्र चालूच ठेवा. पीकेयूला हा सगळा खटाटोप लागत नाही.

पाणी पोटात टिकत नसेल किंवा मूल बरळत असेल तर थेट जवळचं रुग्णालय गाठा. दुर्मीळ आजारांचं केंद्र मुंबईत केईएमला आहे. कसारा घाट उतरून तिथे पोचेपर्यंत थांबू नका, १० टक्के डेक्स्ट्रोजची सलाइन नाशिकमध्येच सुरू व्हायला हवी. तसं लिहिलेलं तज्ज्ञांचं सही-शिक्क्याचं पत्र एक घरात, एक दप्तरात, आणि त्याचा फोटो मुलाच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.